मांजरांच्या कार्टूनात दिसलेलं दार

माझी नात म्हणाली, "आजी, तू बोलतेस तसंच लिही, उगीच पुस्तकी करू नको." म्हणून बसले लिहायला. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं वाचन सगळं किराणाच्या पुड्यांवर आणि पोथ्यांवर झालं, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगते. भूत, हडळ, चकवा असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आले. आमच्याकडं कुणी म्हणालं, की अमक्या चिंचेखाली बाई दिसली, तर मी विचारायची, "साडी कुठल्या रंगाची होती? आवडली असंल तर दुकान तरी विचारायचं!" अशी मी. तुम्ही मला हसलात तर मला राग येणार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीपण हसलेच असते...

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, माकणीच्या पुढं. गाव म्हणजे नवीन गाव, भूकंपानंतर वसवलेलं. सरळ रेषेत घरं, सगळी एकसारखी. पाहुणा आला की दुसऱ्याच्याच घरात शिरतो. जुनं गाव मैलभरावर आहे. तिथं आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. शेळ्यांशिवाय तिकडं कुणी जात नाही.

घरात आम्ही दोघीच जावा. मी थोरली आणि कमल धाकटी. दोघींचे मालक गेले, कमलचे तर भूकंपाच्या आधीच, माझा मुलगा सोलापूरला असतो. दोघी भांडतो, दोघी जेवतो, दुपारी दोघी टीव्ही बघतो.

कमलला एकच लेक होती, राणी. चार वर्षांची. भूकंपात गेली.

ती रात्र गणपती विसर्जनाची होती, हे आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. मिरवणुकीत राणी गुलालानं लालेलाल झाली होती. कमल घरी कामात होती, म्हणून पोर माझ्याकडंच होती. अंगावरच्या फ्रॉकचा गुलाल डोळ्यात जाईल म्हणून मी तो काढला, झटकला आणि उलटा करून परत घातला. शिवणी बाहेर, दोरे लोंबलेले. म्हणलं, राहू दे, सकाळी धुऊ. लाइट गेलेली होती. पेंगुळलेली पोर तशीच अंधारात नेऊन कमलच्या खांद्यावर टाकली. आणि आम्ही नवरा-बायको शेतात झोपायला गेलो, कारण उडदाची रास खळ्यावर होती. म्हणून आम्ही वाचलो. एवढंच कारण, दुसरं काही पुण्यबिण्य नाही.

कमलला दुसऱ्या दिवशी तुळईखालून काढलं. उजवा हात खांद्यातून गेला. तो आजही छातीच्या वर उचलत नाही, वेणीसुद्धा मीच घालते. तिला तशीच सोलापूरला दवाखान्यात नेलं. राणीला तिनं शेवटचं पाहिलं नाही. मी पाहिलं. अंगात तोच उलटा फ्रॉक.

राणी दाराशी सापडली होती. पण दाराच्या आत का बाहेर, ते कुणालाच सांगता येईना. भिंत कुठं, उंबरा कुठं, ओटा कुठं... माळवदाची घरं ती, सगळा एकच ढिगारा झालेला.

आणि हेच कमलला खात राहिलं. कारण त्या रात्री तिनं आतून कडी लावली होती. आमच्या जुन्या गल्लीत कुणी कडी लावत नसे, दार नुसतं लोटून घ्यायचं. पण गल्लीतली एक तिरंगी मांजरी रोज येऊन राणीचं दूध प्यायची. पोरगी त्या मांजरीवर जीव टाकायची, आपणच पातेल्यावरचं झाकण काढून ठेवायची. त्या रात्री कमल वैतागली, मांजरीला झाडणीनं हाकललं आणि वरची कडी लावली. वरची. चार वर्षांच्या पोरीचा हात पोचणार नाही तिथली.

"दारापत्तोर गेली ती, अक्का," कमल म्हणायची. "दार वाजवलं आसंल तिनं. आई आई केलं आसंल. अन् कडी म्या लावलेली."

मी तिची वेणी घालत राहायची.

तेव्हापासून कमलनं कुठल्याच दाराला कडी लावू दिली नाही. नवीन घराच्या दाराची वरची कडी इतक्या वर्षांत एकदाही सरकली नाही, गंजून जाम झालेली. बरं, आपल्या घरापुरतं ठेवावं ना? नाही! रोज दिवेलागणीला सगळ्या ओळीत फिरायची, दारोदार. "कडी लावू नका गं बायांनो." जुनी माणसं काही बोलत नसत, त्यांना ठाऊक होतं. पण शेजारची नवी सून, सुरेखा, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आल्या कडीवाल्या काकू! अन् चोर आला तर तुम्ही येणार का धरायला?"

कमल म्हणाली, "चोर भांडी नेतो गं. बाकी काय नेत न्हाई."

सुरेखानं दार नुसतं लोटून घेतलं.

आणि मांजर! मांजर तर तिला दारात चालत नसे. म्याव ऐकू आलं की चप्पल भिरकावायची. म्हणून मला नवल वाटलं, की दिवाळीला नात आली, तिनं टीव्हीवर ते मांजरांचं कार्टून लावलं आणि कमल बघत बसली. तुमच्या नातवंडांनी बघितलं असेल — गल्लीतली चार भटकी मांजरं, दिवसभर नुसत्या उचापती. मासळीवाल्याला फसव, कुत्र्याच्या शेपटीला डबा बांध. हिंदीत असतं, पण आम्हाला हिंदी कळती. नात गेली सोलापूरला, कार्टून राहिलं आमच्याकडं. कमलनं चौघांना नावं ठेवली. जाडी ती पाटलीण, एक लंगड्या, एक भुऱ्या आणि तिरंगी होती तिला नुसतं 'ती'.

मी एकदा चिडवलं, "का गं, मांजरं चालतात वाटतं आता?"

"ही आत येत न्हाईत, अक्का. काचेच्या पलीकडं हायेत."

आता नीट ऐका.

संक्रांत जवळ आली होती. दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. मी सुपात तीळ निवडत होते, कमल भिंतीला टेकून कार्टून बघत होती. माझं अर्धं लक्ष. थोड्या वेळानं जाणवलं, की आवाज येत नाही. एरवी ती मांजरं इतकी कलकल करतात की डोकं उठतं. म्हणलं आवाज बंद झाला का काय, म्हणून वर बघितलं.

रोज त्यात शहर असतं. उंच इमारती, कचऱ्याचे डबे. त्या दिवशी दगडी घरं होती. माळवदाची. मला आधी बरं वाटलं — चला, यांना एकदाचं खेडं सुचलं! मग मारुतीचा पार दिसला, एक कोपरा ढासळलेला. आमच्या पाराचा असाच होता. म्हणलं, असतील असे पार गावोगावी. मग चारी मांजरं एका दारापुढं येऊन ओळीनं बसली. त्या दाराच्या डाव्या फळीला खाली पत्रा मारलेला होता, तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर अर्धं फूल, उलटं.

तो पत्रा माझ्या दिरानं मारला होता. फूल उलटं आलं म्हणून मीच त्यांना हसले होते.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कमलकडं बघायचं धाडस होईना.

मग चित्र घराच्या आतलं आलं. अंधार आणि वर कडी, लावलेली. बराच वेळ नुसती कडीच. आणि मग ती कडी हळूच निघाली आणि लोंबायला लागली. कुणाचा हात दाखवला नाही. दार उघडलं. आतून एक लहान मुलगी आली, पाठमोरी. दोन्ही हातांत दुधाचं पातेलं, सांडू नये म्हणून जपून धरलेलं. ओट्यावर ठेवलं. मांजरं दूध प्यायला लागली आणि ती तिरंगी तिच्या मांडीवर जाऊन बसली. पोरगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तोंड काही दिसलं नाही. पण अंगातला फ्रॉक उलटा होता. शिवणी बाहेर, दोरे लोंबलेले.

मला सांगा, कार्टून काढणाऱ्याला पोरीचा फ्रॉक उलटा काढायचं काय कारण?

तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली, मोठ्ठ्या आवाजात. मी दचकले, तीळ सगळे भुईवर. जाहिरातीनंतर दुसरंच काहीतरी सुरू झालं.

कमल हललीच नव्हती. मग म्हणाली, "अक्का, दार उघडं व्हतं."

"व्हय."

"तुम्हीबी बघितलं?"

"बघितलं की. कमल... तो फ्रॉक म्याच घातला होता तसा. उलटा. गुलाल होता म्हणून. तुला तर ठाऊकबी न्हाई."

मग तिच्या तोंडावर जे आलं ते हसू का रडू, मला अजून ठरवता येत नाही. "म्हंजी दार वाजवत न्हाई गेली माझी बाय," म्हणाली. "वट्यावर बसली व्हती. मांजर घिऊन."

मी लगेच नातीला फोन लावला. ती शिकलेली, तिच्या मोबाईलवर ते कार्टून सगळं बघता येतं. दोन दिवस शोधत होती बिचारी. मग फोन आला, "आजी, असा एपिसोडच नाहीये. खेडं कधी दाखवलंच नाही. आणि त्यात माणसं अख्खी दाखवतच नाहीत गं, नुसते पाय दिसतात." मग म्हणाली, "तुम्हाला डुलकी लागली असेल." दोघींना एकदम? एकच स्वप्न?

पण ते नंतरचं. आधी त्याच संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी दिवेलागणीला कमल दारोदार गेली नाही. सुरेखाच आमच्या दारात आली. "काकू, आज आला न्हाईत? बरं हाय ना?" तोंडाची फटकळ असली तरी पोरीला काळजी होती हो.

कमल म्हणाली, "लाव गं बाई कडी. खुशाल लाव."

सुरेखा गेल्यावर मला म्हणते, "आज आपणबी लावू, अक्का."

"कशाला गं?"

"लावून बघायची हाय."

तिचा हात वर जात नाही, म्हणून मीच लावली. लावली म्हणजे काय, झटापट केली. गोडेतेल सोडलं, बत्त्यानं ठोकलं, तेव्हा कुठं करकरत बसली. आवाज इतका, की पलीकडच्या ओळीतला कुत्रा भुंकला. कमल बघत होती. मग वाकळ ओढून अशी झोपली, जशी मी तिला इतक्या वर्षांत झोपलेली बघितली नव्हती. मीपण दमले होते, झोपले.

सकाळी जाग आली ती तोंडावर ऊन पडल्यामुळं. दार अर्धं उघडं. कडी निघालेली.

चुलीजवळ दुधाचं पातेलं. झाकण काढून बाजूला भिंतीला नीट उभं केलेलं. पातेलं चाटून लख्ख.

नात म्हणते, आजी, तूच झोपेत काढली असशील. बत्त्यानं ठोकून बसवलेली कडी मी झोपेत काढीन, आणि शेजारी झोपलेली कमल जागी होणार नाही? मुलगा म्हणतो, दार फुगलं असेल, कडी आपोआप सुटली असेल. बरं, सुटली. मांजर आलं, दूध प्यालं. पण झाकण उभं करून ठेवलं? मी देवीच्या गुरवालाही विचारलं. तो म्हणाला, "चांगलंच झालं म्हणायचं अन् गप बसायचं." ते काय उत्तर झालं का? तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा. मला आजतागायत कळलेलं नाही.

आता आम्ही रोज कडी लावतो. पुन्हा कधी ती आपोआप निघाली नाही. दूध मात्र कमल स्वतः ओट्यावर ठेवते, वाटीभर, आणि गल्लीतली मांजरं येऊन पितात. ते कार्टून तिनं पुन्हा लावलं नाही.

त्या सकाळी मी दारात तशीच उभी होते. कमल अंथरुणातच होती, वाकळीतून तोंड बाहेर काढलेलं. मी म्हणलं, "कमल, कडी कुणी काढली गं? म्या न्हाई काढली. तुझा तर हात पोचत न्हाई."

ती उघड्या दाराकडं बघून हसली. म्हणाली, "आता वाढली आसंल की ती, अक्का. तिचा पोचत आसंल."