कोंबड्याच्या पंखातली खूण

ती कोंबड्याची केस आठवली की आजही मला आधी हसू येते, आणि मग थोडे गप्प बसावेसे वाटते. नव्वदच्या दशकात मी कागल भागात फौजदार होतो. एका सकाळी धान्याचे एक वयस्क व्यापारी ठाण्यात आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पक्के शिवभक्त, घरात अंडेसुद्धा शिजत नसे, पण शेतावरच्या खोपीत त्यांनी जातिवंत कोंबड्या हौसेने पाळल्या होत्या. त्यांचा ऑस्ट्रलॉर्प जातीचा काळा कोंबडा चोरीला गेला होता. कृषी प्रदर्शनात तो दोनदा पहिला आला होता.

ठाणे अंमलदाराने हसू दाबत विचारले, "आणि काय खूण?"

"खूण न्हाय. निव्वळ काळा हाय. शुद्ध जात हाय की."

हे मला खटकले. आमच्या भागात ज्याची म्हैस चोरीला जाते तो तिच्या शिंगापासून शेपटीपर्यंत सारे वर्णन न विचारता सांगतो. अण्णा मात्र तुरा, डोळे, पायांचा रंग भरभरून सांगत होते आणि पंखांपाशी आले की अडखळत होते.

थोड्याच दिवसांत बाजारात अंडी विकणाऱ्या आमच्या खबऱ्याने बातमी आणली. उचगावात एका फौंड्री कामगाराच्या परसात नवा काळा कोंबडा दिसतोय. हा कामगारही कोंबड्यांचा शौकीन, अण्णांचा जुना जोडीदार. प्रत्येक प्रदर्शनाला दोघे एकाच टेम्पोने जायचे, आणि याचा नंबर कायम अण्णांच्या मागे. आम्ही पंचनामा करून कोंबडा जप्त केला.

"माझाच हाय साहेब. अंड्यापास्नं वाढवलाय," तो शांतपणे म्हणाला. उलटसुलट विचारले, दरडावले, पण पठ्ठ्या हलला नाही. "अण्णांचा असंल तर त्यांनी खूण सांगावी की!" हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

कोंबडा ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. आमचा मुद्देमाल हजेरीच्या आधीच बांग देऊ लागला. हवालदार डब्यातली भाकरी कुस्करून त्याला घालायचा. त्यानेच एकदा पंख पसरून मला दाखवला. डाव्या पंखातले एक मोठे पीस कुणीतरी मुळापासून उपटले होते आणि त्या जागी नवे फुटू लागले होते. मी म्हटले, वाढू दे. काही आठवड्यांत पीस बाहेर आले. हिरवी झाक मारणाऱ्या त्या काळ्याभोर पंखात ते स्वच्छ पांढरे पीस होते.

मी अण्णांना बोलावून पंख दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "ह्यो माझा न्हवं," ते म्हणाले.

चोरीला गेलेली वस्तू समोर असताना फिर्यादीनेच ती नाकारलेली मी पहिल्यांदा पाहिली. कोंबडा मात्र त्यांचा आवाज ऐकून जाळीशी येऊन उभा राहिला होता.

मी त्यांच्या शेतावर गेलो. त्याच कोंबड्याचे तीन पठ्ठे, म्हणजे वाढीला लागलेली नर पिले, तिथे दाणे टिपत होते. प्रत्येकाचा पंख पसरून पाहिला. तिघांच्याही पंखात एक एक पीस उपटलेले होते. अण्णा बांधावर बसले.

"काळ्या जातीत पांढरं पीस दिसलं की परीक्षक बाद करतोय, साहेब. म्हणून प्रदर्शनाच्या आधी उपटायचं. समदेच करत्यात, बोलत कुणीच न्हाय. पर पीस उपटलं म्हणून रक्तातनं जातंय व्हय? ह्याच्या पोरांत उतरलंय. एखाद्यात न्हाय दिसलं तर त्याच्या पिलांत उगवतंय. आणि मी शुद्ध म्हणून पिलं दिलीत लोकास्नी. आता सांगितलं तर प्रदर्शनात तोंड कसं दाखवू?"

तेव्हा मला उचगावच्या माणसाच्या धिटाईचा उलगडा झाला. टेम्पोत शेजारी बसून त्याने अण्णांना पिसे उपटताना पाहिले होते. अण्णा खूण कधीच सांगणार नाहीत, या भरवशावरच त्याने चोरी केली होती. आणि प्रदर्शन जवळ आले तसे त्यानेही सवयीने तेच पीस उपटले.

"अण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर मला कोंबडा त्याच्या हवाली करावा लागेल," मी सांगितले. मला त्यांची दया आली, पण जबाब त्यांच्या वतीने मी देऊ शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले आणि पुरवणी जबाब दिला. ओळख पंचनाम्याला पंच म्हणून मुद्दाम कोंबड्यांचे जाणकार बोलावले होते. त्यांच्यासमोर अण्णा मोठ्याने म्हणाले, "डाव्या पंखात पांढरं पीस हाय. दर वर्षी मीच उपटतोय. कोंबडा माझा हाय." दोघे पंच खाली मान घालून उभे राहिले.

"अण्णा खूण सांगतील असं वाटलं न्हवतं साहेब," एवढेच आरोपी म्हणाला, आणि मग त्याने सगळे कबूल केले.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. फिर्यादी काय सांगतो यापेक्षा काय सांगायचे टाळतो, हे पुढे मी आधी पाहू लागलो. ब्लॅकमेलच्या आणि घरगुती भांडणांच्या कितीतरी प्रकरणांत मला हेच दिसले. माणूस जे लपवतो त्यालाच धरून दुसरा त्याला वाकवतो, आणि लपवलेली गोष्ट बहुतेक वेळा अगदी किरकोळ निघते.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या बंदोबस्तावर मीच होतो. अण्णा तोच कोंबडा घेऊन आले होते, पांढऱ्या पिसासकट. परीक्षकाने पंख उचलला आणि पिंजऱ्यावर बादची चिठ्ठी लावली. मी जवळ जाऊन विचारले, "अण्णा, हे माहीत असून आणलात?"

"व्हय की," ते कोंबड्याची मान कुरवाळत म्हणाले. "आता ह्येला कोण चोरतंय? खूण समद्यास्नी म्हाईत हाय."