शुद्धलेखनाची पैज

एका परदेशी सट्टा कंपनीने धारवाडातल्या आमच्या मळमड्डीत पाय कसे रोवले, याचा अहवाल त्यांच्या कचेरीत कुठेतरी असणारच. त्यात वर जाणारे बाण असतील, रंगीत आलेख असतील आणि नकाशावर धारवाडच्या जागी एक ठिपका असेल. त्या ठिपक्याखाली माझ्या भावोजींचा फोटो छापायला हवा होता. छापला नसेल. मोठ्या कंपन्यांना उपकारांची आठवण राहत नाही.

भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, निवृत्त मराठी शिक्षक. धारवाडात जन्मभर मराठी शिकवणं म्हणजे काय, ते पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथे बसची पाटी कन्नड, रेशनकार्ड कन्नड, विजेचं बिल कन्नड. भावोजी स्वतः दूधवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी असं कन्नड बोलतात की समोरचा त्यांना अण्णिगेरीकडचा कानडी माणूस समजतो. पण छापलेलं मराठी दिसलं की त्यांचे डोळे भरून येतात, आणि त्यात चूक दिसली की तेच डोळे लाल होतात. या दोन्ही गोष्टी घडायला एका ओळीचं अंतर पुरतं. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणार, मग नवरा कोण ते बघणार.

तर एकदा भावोजी मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते. मध्येच एक चकचकीत जाहिरात आली आणि तिने विचारलं, भाषा निवडा. यादीत शेवटी, अगदी तळाशी, मराठी होती. भावोजींनी मला फोन करून बोलावून घेतलं. कोणीतरी गेलं असावं अशा आवाजात बोलले, म्हणून मी बनियनवरच धावलो.

"बघ," ते म्हणाले. "बँकेच्या मशीनला आपली आठवण नाही. सरकारला नाही. आणि ही कंपनी बघ. कुठली कोण. मराठी ठेवलीय."

"भावोजी, ही सट्ट्याची कंपनी आहे."

"असू दे की. मराठी ठेवलीय ना?"

त्यांनी मराठी निवडली. पडद्यावर शब्द उमटले: 'तुमचे बेट ठेवा.'

भावोजींनी खिशातून लाल पेन काढून ते मोबाईलच्या काचेवर टेकवलं. सवय, दुसरं काय. अक्काने ओल्या फडक्याने काच पुसली.

कंपनीचं मुख्य कार्यालय म्हणे कुठल्याशा समुद्रात, एका बेटावर होतं. त्यामुळे ग्राहकाकडेही बेट मागायची त्यांची पद्धत असेल, असं मी सुचवून बघितलं. पण पुढे पुढे प्रकरण रंगतच गेलं. शिल्लक रकमेला त्यांनी 'तोल' म्हटलं होतं, आणि पैसे नसले की पाटी यायची: 'तुमचा तोल गेला आहे.' पैजेच्या पावतीवर लिहिलं होतं, 'बेट घसरले.' एखाद्या षटकात धाव निघाली नाही, म्हणजे मेडन ओव्हर पडली, की येणारी सूचना तर मी इथे लिहीत नाही, कारण त्यात एका कुमारिकेचा शेवट होत असे. अर्थात आमच्या कट्ट्यावर मी ती साग्रसंगीत म्हणून दाखवली. मी हौशी नाटकवाला. पन्नाशी ओलांडली तरी मला कोणी मरणाचा प्रवेश देत नाही. तो मान मला या कंपनीने दिला.

कट्टा म्हणजे संध्याकाळी जमणारे पाच-सहा निवृत्त लोक आणि त्यांच्यात एक वकील, जे निवृत्त झालेत हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. सगळ्यांनी हसता हसता ते अ‍ॅप घेतलं. कारण एकच: उद्या कुठली नवी चूक सापडते ते बघायला. पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. ज्या कंपनीला स्वतःच्या धंद्याचं नाव लिहिता येत नाही, तिच्याकडे पैसे कोण देणार? वकील म्हणाले, "माझ्याकडे असला मजकूर घेऊन अशील आला तर मी आधी फी मागेन आणि मग वाचेन."

कंपनी इतरत्र मात्र जोरात होती. रायापूरजवळ हुबळी रस्त्याला तिचा मोठा फलक लागला. त्यावर सट्ट्याचा उल्लेख नाही, फक्त 'क्रीडा बातम्या' आणि कंपनीचं नाव. हुबळीच्या कमरीपेठेतल्या एका शिंप्याकडे तेच नाव पाठीवर छापलेल्या टी-शर्टांचे गठ्ठे दिसले. गावोगावच्या टेनिस-बॉल स्पर्धांना फुकट वाटप. मी त्याला विचारलं, ही कंपनी करते काय? तो म्हणाला, "टी-शर्ट करते की, सर." त्याच्या दृष्टीने त्यात खोटं काही नव्हतं.

इकडे मळमड्डीत तिची डाळ शिजत नव्हती. आणि इथेच भावोजींनी प्रवेश केला.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. 'महोदय, आपण मराठीस स्थान दिलेत याबद्दल आभार. तथापि...' आणि त्या 'तथापि'नंतर चार पानं. बेट नव्हे, पैज. तोल नव्हे, शिल्लक. घसरले नव्हे, पावती. आम्हाला वाटलं, समुद्रात गेलं पत्र. पण उत्तर आलं, तेही 'आदरणीय सर' अशा सुरुवातीचं. भावोजींना शाळेने निरोप समारंभातही आदरणीय म्हटलं नव्हतं. त्यांच्या सेवेसाठी एक खास मॅडम नेमली गेली. तिचं नाव दर आठवड्याला बदलायचं, पण भावोजींबद्दलचा आदर तोच राहायचा. सूचनांबद्दल बक्षीस म्हणून तिने त्यांना 'मोफत बेट' दिलं. भावोजींनी ते 'मोफत पैज' असं दुरुस्त करून परत पाठवलं. मॅडमने दुरुस्तीबद्दल आणखी एक दिली.

पुढे मॅडमने कळवलं की सुवर्ण सदस्यांच्या सूचना आधी विचारात घेतल्या जातात. सुवर्ण सदस्य व्हायचं तर खात्यात चांगली रक्कम ठेवावी लागते.

आता अक्काचे गुडघे. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. झोपायची खोली वर, स्वयंपाकघर खाली, आणि ती जिना चढते तेव्हा दर पायरीला देवाचं नाव घेते आणि शेवटच्या पायरीला भावोजींचं. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी भावोजींनी बँकेत ठेव केली होती. दिवाळीनंतर हुबळीला जायचं ठरलं होतं. ती ठेव मोडून त्यांनी कंपनीच्या खात्यात टाकली.

अक्काला कळलं तेव्हा मी तिथेच होतो.

"माझे गुडघे सट्ट्यात लावलेत?" ती म्हणाली.

"लावले नाहीत," भावोजी म्हणाले. "ठेवलेत. लावणे आणि ठेवणे यांत फरक आहे."

"आणि परत कधी मिळणार?"

"मराठी सुधारली की."

"मग मी मेल्यावरच की."

पण मराठी खरंच सुधारली. महिन्याभरात अ‍ॅप वाचताना अडखळायला होईना. पैज, शिल्लक, पावती, निर्धाव षटक. सगळं नीटनेटकं, एखाद्या जुन्या दैनिकाच्या क्रीडापानासारखं. भावोजी ते कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवत. आणि माझ्या लक्षात आलं की कट्ट्यावर आता कोणी हसत नाही. निवृत्त पोस्टमास्तर मोबाईल तिरका धरून काहीतरी दाबत होते. वकील म्हणाले, "आता जरा विश्वास ठेवण्यासारखी वाटते, नाही का, कंपनी?" चुका होत्या तोवर मळमड्डीच्या खिशावर पहारा होता. भावोजींनी तो पहारा लाल पेनने स्वतः उठवला. आठवड्याभरात अर्धी गल्ली पैजा लावायला लागली, शुद्ध मराठीत.

भावोजींनीही लावल्या. शब्द वापरून बघितल्याशिवाय बसतो की नाही ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'पैज हरलात' की 'पैज गमावलीत', यावर त्यांनी बराच विचार केला, आणि दोन्ही रूपं तपासण्याची संधी कंपनीने त्यांना वारंवार दिली.

मग दिल्लीत कायदा झाला. पैसे लावायचे असले खेळ बंद. रायापूरचा फलक उतरला. कंपनी दोन दिवस दिसेनाशी झाली आणि नावात एक जास्तीचं अक्षर घालून परत आली. भावोजींनी लगेच मॅडमला लिहिलं की तुमच्या नावात मुद्रणदोष राहिला आहे.

वकील भावोजींच्या घरी आले. या खेपेला ते अगदी वकिलासारखे बोलले. "सर, आज कंपनी आहे, उद्या अक्षर बदलेल, परवा सगळंच नाव. काय उरलंय ते आज बाहेर काढा."

"काढतो की," भावोजी म्हणाले. त्यांनी मोबाईल उघडला, आणि तिथेच थांबले. पैसे काढायच्या बटणावर लिहिलं होतं: 'माघार घ्या.'

"हे एवढंच राहिलंय," ते पुटपुटले. "तीनदा लिहिलं मी. माघार नव्हे, रक्कम काढा. सगळं बदललं, हे बदलत नाहीत."

त्यांनी मॅडमचं उत्तर दाखवलं: 'आदरणीय सर, आपली सूचना उत्तम आहे. परंतु चाचणीत सध्याच्या शब्दाने अधिक चांगले निकाल दिले आहेत.'

"चांगले निकाल कोणाला?" वकील म्हणाले. "हा शब्द वाचला की आपला माणूस बोट मागे घेतो, एवढाच अर्थ. तुमच्याच वर्गातली मुलं बघा, आट्यापाट्यांत हरली तरी माघार म्हणणार नाहीत. त्या मॅडमला मराठी येत नसेल, पण मराठी माणूस येतो."

"मग दाबा तुम्ही," मी भावोजींना म्हणालो.

"दाबतो. शब्द दुरुस्त झाला की दाबतो. अशा शब्दावर सही करणार नाही मी."

"ही सही नाही हो, बटण आहे."

"तेच ते."

मी त्यांना खूप चिडवलं. वर्गात चुकलेल्या मुलाला तुम्ही माघार घ्यायला लावत होता ना, म्हटलं. ते म्हणाले, मी दुरुस्ती करायला लावत होतो. वकिलांनी सांगितलं की कोर्टात दावा काढून घेतात त्यालाही माघारच म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. भावोजींनी विचारलं, तुम्ही किती घेतल्या?

हा सगळा वाद चालू असताना अक्का जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठड्याला धरून उभी होती. वर जायचं की खाली यायचं, तिचं ठरत नव्हतं. मग ती खाली आली. एकेक पायरी, आडवी होऊन. तिने भावोजींच्या हातातला मोबाईल घेतला, चष्मा वर सारला, इथे-तिथे दाबलं आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावरचं सगळं कन्नड झालं होतं.

"हे काय केलंस?" भावोजी म्हणाले. "मराठी सोडून?"

"माझ्या गुडघ्यांना मराठी-कन्नड कळत नाही. वाचा काय लिहिलंय."

भावोजींनी वाचलं. "हण हिंपडेयिरि."

"म्हणजे?"

"म्हणजे... पैसे परत घ्या."

"माघार आहे का त्यात कुठे?"

त्यांनी पुन्हा वाचलं. ओठ हलवत, अक्षर न् अक्षर. ते चूक शोधत होते हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एक काना, एक मात्रा, एखादा अनुस्वार जरी हलला असता तरी त्यांनी तो धरून बसायला कमी केलं नसतं. आयुष्यभर ज्या भाषेच्या पाट्यांवर ते चिडले, तिने त्या दिवशी त्यांना चिडायला जागा ठेवली नव्हती.

"शुद्ध आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग दाबा."

"लिहिणारा धारवाडकडचा असावा."

"असेल की. दाबा, अहो."

त्यांनी दाबलं. अर्थात कंपनीने पैसे लगेच सोडले नाहीत. आधारकार्डाचा फोटो मागितला, मग आधारकार्ड हातात धरलेल्या भावोजींचा फोटो, मग तसाच पण जास्त उजेडातला. मॅडमने पुन्हा पुन्हा विचारलं, सर, आपण खरंच जाताय का? भावोजींनी दर वेळी कन्नडमध्ये 'हौदु', म्हणजे हो, एवढंच लिहिलं. मराठीत उत्तर द्यायला बसले असते तर 'तथापि' आलं असतं, आणि मग संपलंच.

पैसे आले. जेवढे गेले होते तेवढे नाहीत. शब्दांची तपासणी बरीच महागात पडली होती. दिवाळीनंतर आम्ही तिघं हुबळीला दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, गदगकडचे, हसतमुख. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली आणि कन्नडमध्ये म्हणाले, दोन्ही एकदमच करून टाकू या, अक्का.

"एकच करा," अक्का म्हणाली.

"का हो? दोन्ही सारखेच झिजलेत."

भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी छताकडे बघितलं.

"तुमचा खर्च ऐकून यांना जरा विचार करावा लागतोय," अक्का म्हणाली. एवढ्यावर थांबेल असं वाटलं. पण ती माझी बहीण आहे. "दुसरा यांनी कंपनीला शिकवायला दिलाय. शिकून आला की करू."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग आधी कुठला करायचा, उजवा की डावा?"

"यांना विचारा," ती म्हणाली. "निवडायची हौस यांना आहे."

भावोजी वळले. बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. जिना चढताना ती कुठला पाय आधी टाकते, हे चाळीस वर्षांत त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

"घरी जाऊन, जिना बघून सांगतो," ते म्हणाले.