उभ्यानं घातलेलं गाऱ्हाणं

तातूला देवळात चक्कर आली ती उपासामुळे, असं आमच्या वाडीत सगळे मानतात. ते खरं नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. आजवर कुणाजवळ बोललो नाही. तातू माझा थोरला चुलतभाऊ. जत्रेला वाडीच्या वतीनं देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्या दिवशी पडून त्याचा खुबा मोडला, अंथरूण धरलं, मग छातीत कफ साठला... तो गेल्याला काही आठवडे झाले. कट्टा गावच्या बाजारातलं माझं औषधाचं दुकान मी रोज उघडतो, एवढंच.

दुकानातल्या बाकावर तो तासन्‌तास बसायचा. हृदयाचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, तेव्हा त्यानं विचारलं, "एवढीशी गोळी, आणि छातीतली कळ जाता खंय रे?" मी सांगितलं, या गोळीपासून रक्तात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही तो थोडाथोडा बनवतच असतं. त्यानं वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. तातू हसला. "म्हणजे सगळो वायूचोच खेळ! माझी आवस तांच सांगत होती, तर तुमी तिका येड्यात काढलास." मी म्हटलं, पण गोळी घेताना बसायचं. वाहिन्या सैल पडल्या की रक्त पायांकडे उतरतं, दाब घसरतो. मानेतल्या नसा ते ओळखून मेंदूला हाक देतात, आणि मेंदू हृदयाला पळायला लावतो. "गाराणाच मां ह्या," तो म्हणाला. "एकान हाक मारूची, बाकीच्यांनी व्हय महाराजा म्हणूचा." इतकं नेमकं मलाही सुचलं नसतं. त्याची दुसरी गोळी हृदयाचे ठोके आवरून धरणारी होती. म्हणजे त्याच्या शरीरातला होकार उशिरा येणार, हे मी जाणून होतो.

जत्रेला तो सोवळं नेसून आला. खिसा नाही, म्हणून गोळ्यांची डबी माझ्याकडे दिली. मूळची चुन्याची ती. गाऱ्हाणं निम्म्यावर आलं आणि त्यानं माझ्याकडे न बघताच हात मागे केला. मी पुटपुटलो, "तातू, आधी बस." तो दबक्या आवाजात म्हणाला, "देवासमोर बसान गाराणा घालतत काय रे? मेडिकलवालो तू दुकानात. हंय गप ऱ्हव." मागे कुणीतरी हसलं. मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड होती, हाताच्या अंतरावर. एवढ्या माणसांत देवापुढे खुर्ची ओढायला मी लाजलो... आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. थोड्या वेळानं त्याला जांभई आली. "तातूक झोप इली," पोरं खिदळली. दाब उतरला की अशी जांभई येते, हे मला ठाऊक होतं. लोकांचं "व्हय महाराजा" पुरं व्हायच्या आत तो दगडी पायरीवर कोसळला.

वयनी, म्हणजे तातूची बायको, दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "मीच तेका उपाशी धाडलंय रे. वायच पेज पोटात असती तर पडलो नसतो." मी म्हणालो, "असू दे, वयनी." तुझा दोष नाही, असं मी म्हटलं नाही, हे तिलाही कळलं असणार. तेव्हापासून ती सकाळची पेज शिजवते, ताटात वाढते आणि स्वतः खात नाही. मी जाऊन बघतो आणि परत येतो.

डबी अजून माझ्याच गल्ल्यात आहे. झाकणाच्या कडेला चुन्याचा पांढरा थर तसाच आहे. गिऱ्हाईक नसलं की मी ती हातात धरून बसतो. हा लेख छापून येण्याआधी ती वयनीच्या हातात द्यायची आहे. गोळी मी दिली, खुर्ची मी दिली नाही, तुझ्या पेजेचा यात काही दोष नाही, एवढं मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.