कारीसाहेबांची टकटक

आमचे कारीसाहेब चूक सांगत नसत, टकटक करत. कुराणपठण शिकवायची ही जुनीच रीत: शिकणारा चुकला की उस्तादाने बोटाच्या पेराने ठोकायचं आणि चूक ज्याची त्याने शोधायची. पण कारीसाहेब गाडीतही ठोकत. इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या त्यांच्या घरून मी त्यांना गाडीने मशिदीत न्यायचे. जीपीएसमधली बाई रस्त्याचं नाव घेई, की यांची डॅशबोर्डवर टकटक.

"हिला कुणी शिकवलंय गं?"

"कारीसाहेब, ती मशीन आहे."

"म्हणून काय तोंड नीट उघडू नये?"

ते मिरजेचे, लेकीकडे राहायला आलेले. मी चिपळूणची. नववीत शाळा सुटली. परीक्षा म्हटलं की आजही मी सबब शोधते. तरी त्यांनी मला शिकवायला धरलं. फार पूर्वी दमास्कसच्या एका उस्तादांनी पठणाचे नियम पद्यात बांधले. त्या थोरल्या उस्तादांबद्दल कारीसाहेब असं बोलत, जणू ते मिरजेत शेजारीच राहायचे. मी शिफ्टची सबब काढली की म्हणत, "थोरल्या उस्तादांना बादशहाने पकडून परमुलखात नेलं, तर तिथंही शिकवत बसले. तुला नुसतं वेअरहाउसला जायचंय."

ते अख्खं पद्य एका बैठकीत तोंडपाठ म्हटलं, तरच इतरांना शिकवायची परवानगी मिळते. आयुष्यात एकदा तरी कशात पास व्हावं, एवढीच माझी हाव. पहिल्या खेपेला पहिल्याच टकटकीला मी रडले.

"रडतेस काय? माझ्यापायी माझ्या उस्तादांनी ठोकून ठोकून पाट फोडला होता!"

पुढच्या खेपेला त्यांच्या किचनमध्ये बसलो. मी म्हणत गेले. टकटक नाही. अर्ध्यावर घाबरून थांबलेच. "झोपलात का?"

"ठोकायला काही देशील तर ठोकीन की. चल पुढं."

शेवटची ओळ संपली. ते डोळे मिटून, कोण कुणाकडून शिकलं ती नावं घ्यायला लागले: स्वतःचं, मग त्यांच्या उस्तादांचं, मग त्यांच्याही उस्तादांचं, असं मागे मागे थेट त्या थोरल्या उस्तादांपर्यंत.

"आता तू म्हण. सुरुवात तुझ्या नावापासून."

"माझ्या कशाला?"

"मग काय शेजारणीच्या?"

यंदाच्या हिवाळ्यात कारीसाहेब गेले. मशिदीतल्या बायकांच्या वर्गाला आता मीच शिकवते. नव्या बाईला ती नावं सांगताना माझ्या नावानंतर लगेच त्यांचं येतं. तिथे थांबायचं नसतं. माझा श्वास मात्र तिथेच संपतो.