फरदड शोधताना

मामाचा फोन बहुधा एकाच कामासाठी असायचा. "पाय बरं पोरी, गुलाबी अळीचं मी कोणत्या मिनिटाले बोललो?" त्या सकाळी नंबर मामाचाच होता, आवाज मात्र त्याच्या शेताशेजारच्या नईमचाचांचा. "बेटा, घरी ये. सुखदेव गेला..." बुलडाण्याहून जानेफळला येईपर्यंत मी एसटीत फोन हातातच धरून बसले होते.

सुखदेवमामा कापूस पिकवायचा. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं भय संपलं असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पुढे त्याच बोंडांत गुलाबी अळी निघू लागली आणि एका वर्षी मामाचा बराचसा कापूस किडका निघाला. त्यानंतर तो मोबाइल बांधावरच्या दगडाला टेकवून शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ करू लागला. सुरुवात ठरलेली, "जय भीम, राम राम, सलाम." मग पाऊस, बैलांची तब्येत, कोणाच्या घरचं लग्न... मुद्द्यावर यायला त्याला फार वेळ लागायचा. बघणारे फोन करून विचारायचे, भाऊ, फवारणीचं नेमकं कुठं आहे? मामा मला विचारायचा. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मोबाइलमधलं सगळं मला येतं अशी त्याची समजूत होती.

बोललेलं व्हिडिओखाली लिहून येतं आणि त्यात शब्द शोधला की वेळ सापडते, हे मी त्याला दाखवलं तेव्हा त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला.

"म्हंजे मी बोललो ते सारं लिहून राह्यलं का हे?"

"हो मामा."

"मंग उद्या कोणी म्हणन मी असं बोललोच नाही, तर पकडता येते!"

आतून मामी म्हणाली, "पहिले यायलेच पकड वं."

त्या यंत्राला मामाची वऱ्हाडी अर्धीमुर्धीच कळायची. मी सुट्टीत बसून शब्द दुरुस्त करायचे. सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द होता फरदड. वेचणी संपली तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायची नाही, पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची, ही फरदड. चार पैसे जास्त मिळतात, पण अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. मामा म्हणायचा, एकानं ठेवली की शिवारानं भोगली. त्याच्या बोलण्यावरून आसपासचे शेतकरी डिसेंबर सरता सरता एकदमच पऱ्हाटी उपटू लागले होते.

यंदा मामा नव्हता. डिसेंबर सरत आला आणि मामाचं शेत तसंच उभं होतं. नईमचाचा रोज बांधापर्यंत यायचे आणि परत जायचे. त्यांची पऱ्हाटी उपटून झाली होती. एकदा घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला. "भाभी, मी काही म्हणत नाही..." एवढंच बोलून उठले.

मामीनं मला बोलावून घेतलं. "ही सरकी त्यायच्या हातानं टोबली हाय," ती म्हणाली. "अजून फुलं येऊन राह्यले. कुठं तरी म्हटलं असन त्यायनं, एखाद्या साली ठेवा म्हणून. शोध."

मी शोधायला बसले. मलाही ते सापडायला हवं होतं. फरदड शब्द टाकला की व्हिडिओमागून व्हिडिओ निघायचे आणि प्रत्येक ठिकाणी मामा तेच सांगायचा, ठेवू नका, उपटा. मामी शेजारी बसून ऐकत होती. दर वेळी म्हणायची, "पुढचं पाय."

एका व्हिडिओत दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर कोणी बाई विचारत होत्या, "भाऊ, फुलावरचं झाड उपटाले जीव होत नाही. काय करू?" त्यापुढे लिहिलेल्या मजकुरात नुसती मोकळी जागा होती. मला वाटलं, बोलणं तुटलं असावं. मी पुढे जाणार तोच मामीनं माझा हात धरला. "राहू दे." नुसता वारा ऐकू येत होता... मग मामाचा आवाज आला. "मलेबी होत नाही, बाई. दरसाली आमची मंडळी सुरू करते. मी मागून जातो. पण उपटा."

मामीनं पदर तोंडाला लावला. उपटणीला मी कधी नव्हतेच. डिसेंबरात परीक्षा असायची. मला हे काहीच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला मामा नव्हता.

"बांधावर बसून तंबाखू मळत राहे," मामी म्हणाली. "मी चार ओळी उपटल्या का मंग उठे अन् हात लावे. मले वाटे, आळस करते माणूस." मग म्हणाली, "नईमभाऊले सांग, सकाळी या म्हणा."

सकाळी नईमचाचा घरच्या सगळ्यांना घेऊन आले. मामीनं पहिलं झाड दोन्ही हातांनी धरून ओढलं. फुलं होती त्यावर, पिवळी. मुळं सुटल्याचा तेवढा आवाज. चौथी ओळ संपली तशी मामी कंबर सरळ करून उभी राहिली आणि बांधाकडे बघू लागली. नईमचाचा थांबले. मीही थांबले. हातातली माती झाडून मामीनं पाचवी ओळ धरली.