जंत अजून आहेत

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या त्या गल्लीत सार्जिनाबाईंच्या दाराशी शेजारपाजारचं कुणी फिरकत नसे. पाळण्यासाठी रानातून नव्याने धरून आणलेले साप त्यांच्याकडे यायचे. बाई त्यांच्या खवल्यांखालच्या गोचिड्या चिमट्याने काढायच्या, पोटातले जंत घालवायच्या आणि ज्याचा साप त्याला परत द्यायच्या. शेजारणी सणाचं जेवणसुद्धा कुंपणावर ठेवून पळायच्या. भित्र्या कुठल्या!

गिलांग मात्र दर रविवारी आपल्या अजगराची चौकशी करायला यायचा. बाईंना तो 'बू', म्हणजे आई, म्हणायचा. येताना सोयाबीनचं गरम तळलेलं तेंपे आणायचा आणि चहा होईपर्यंत घरच्या कागाळ्या सांगत बसायचा.

एका रविवारी बाईंनी अजगराची विष्ठा मायक्रोस्कोपखाली धरली. जंताचं एकही अंडं दिसेना. अजगर बरा झाला होता.

"काय म्हणतंय, बू?" गिलांगने विचारलं.

"अजून आहेत रे. मेले भारी चिवट!"

उगाच औषध पोटात जायला नको, म्हणून बाईंनी त्याच्यादेखत अजगराला नळीने नुसतं पाणी पाजलं. पुढच्या रविवारीही तेच केलं, त्याच्या पुढच्याही.

मग एकदा तो रिकाम्या हाताने आला आणि दारातच थांबला.

"बू, मी दुसरा घेतला. पिंजऱ्यातच जन्मलेला, जंतांची भानगडच नाही. हा राहू दे तुम्हालाच."

"अरे, चहा तरी घे!"

"नको बू, घाईत आहे."

मोटारसायकलचा आवाज गल्लीबाहेर गेला. पेटीत अजगर वेटोळं करून निवांत पडला होता.

"साफ आहे रे तो," बाई उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, "कधीचाच साफ आहे."