आईचे चालते ओठ

वडील गेले आणि आईची झोप उडाली. डॉक्टरांनी तिला नैराश्यावरची एक जुन्या जातीची गोळी दिली, अमिट्रिप्टिलिन. गोळी लागू पडली. आई झोपू लागली, जेवू लागली, मला टोमणे मारू लागली. मग पुन्हा डॉक्टरांकडे कशाला जायचं? श्रीरामपुरातला औषधवाला ओळखीचा होता. रिकामं पाकीट दाखवलं की तो नवं द्यायचा. अशी चार वर्षं गेली.

एका दुपारी ती शेंगा फोडत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. ओठ मिटत, उघडत, जीभ कोपऱ्यापर्यंत येऊन परत जाई.

"काय पुटपुटतेस?" मी विचारलं.

"कुठं काय?" ती म्हणाली, आणि बोलणं संपताच ओठ पुन्हा सुरू झाले. मला हसू आलं. दोन दिवसांनी येईना.

मी समोर बसून ते ओठ वाचायचा प्रयत्न करायचे. सारखं वाटे, ती कुणाला तरी 'ये, ये' म्हणतेय. दुपारी झोपली की तिचा चेहरा शांत होई. पण उठताना आधी ओठ जागे होत, डोळे मागाहून उघडत. ते दिसू नये म्हणून मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळे. खरं सांगते, मला माझ्या आईची भीती वाटत होती.

चर्चमधल्या बायकांना मात्र वाटली नाही. आईनं मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, सगळे तिला बाईच म्हणत. बाई आता अखंड प्रार्थनेत असतात, असं मंडळीत पसरलं. बेलापूरची एक जुनी विद्यार्थिनी तर रोज येऊ लागली. तिच्या लेकीचे दोन गर्भ पडले होते आणि आता सहावा महिना होता. ती आईच्या पायाशी बसून तिच्या ओठांकडे बघत राही.

"बाई, तुमचे ओठ चालू हायेत तवर माझ्या पोरीच्या पोटातलं हालतंय," एकदा ती म्हणाली. "काल दुपारी तुमी झोपल्या हुत्या, तवा ते हाललंच न्हाई. मी पोरीला फोन करून इचारलं."

"काहीतरीच काय बोलता, मावशी!" मी ओरडले. आईनं मला हातानंच गप्प केलं.

मी तिला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "ह्या गोळीनं क्वचित असं होतं," ते म्हणाले. "वय झालेल्यांना जास्त. ओठ, जीभ आपोआप हलतात. हळूहळू कमी करून बंद करू. पण उशीर केलात तर कायमचं राहू शकतं."

माझा जीव भांड्यात पडला. भूत नाही, प्रार्थना नाही, साधी गोळी! एसटीत मी घर येईपर्यंत बडबडत होते. आई खिडकीबाहेर बघत होती, ओठ चालू.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तिची लेक मोकळी होईपर्यंत गोळी बंद करायची नाही."

"आई, तू विज्ञान शिकवायचीस!"

"तुझे वडील गेल्यापासून मी एकदाही प्रार्थना केलेली नाही," ती म्हणाली. "डोळे मिटते, पण आत काही नसतंच. आणि ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघून जीव धरून आहे. प्रार्थना जमत नाही, निदान गोळी तरी खाते."

मी भांडले, रडले, पाकीट लपवलं. तिनं दुसरं मागवलं. मग एका दुपारी, ती जागी असताना, तिचे ओठ क्षणभर थांबले. मी घड्याळ बघितलं. बेलापूरला फोन करायला हातात मोबाईलही घेतला होता. त्या दिवसापासून तिची गोळी मीच आठवणीनं देऊ लागले. ह्याची मला अजून लाज वाटते.

दिवस भरले, मुलगा झाला, दोघं सुखरूप. लगेच आम्ही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी कमी करत आणली आणि बंद केली. ओठ थांबले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आजीनं त्याला आणून आईच्या मांडीवर ठेवलं. ते बराच वेळ आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. मग त्याचे ओठ हलायला लागले. मिटले, उघडले, जीभ कोपऱ्यापर्यंत आली, परत गेली. आवाज नाही.

"बगा की बाई," आजी आनंदानं म्हणाली, "तुमचंच शिकलं!"

आईनं घाईघाईनं पदर तोंडावर ओढला. बाळ थांबलं. पदर हलतच राहिला.